भाची अटलांटिक वल्हवत पार करतेय, शेवटचे ३०० मैल राहिलेत, घरच्यांनी काय करावं?

कर्वेनगरची_मावशी (मंगळवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी, इथे सायकलिंगचे आणि ट्रेकचे धागे नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे लांबलं तर समजून घ्या. माझी भाची, म्हणजे थोरल्या ताईची मुलगी, नोकरीसाठी इंग्लंडला असते. डिसेंबरमध्ये ती आणि तिची मैत्रीण अशा दोघीजणी कॅनरी बेटांमधल्या ला गोमेराहून वल्ह्यांच्या बोटीतून निघाल्यात, कॅरिबियनमधल्या अँटिगाला पोचायचंय. शीड नाही, इंजिन नाही, नुसती वल्ही. साधारण ४,८०० किलोमीटरचं अंतर. दोन तास एकीने वल्हवायचं, दोन तास दुसरीने, असं दिवसरात्र चालू आहे आणि आता साधारण ३०० नॉटिकल मैल राहिलेत.

आता खरं तर आनंदात असायला पाहिजे सगळ्यांनी, पण घरात उलटंच झालंय. ताई रात्र रात्र मोबाईलवर ट्रॅकर उघडून बसते, जेवणावर लक्ष नाही. त्यात दोन दिवसांपासून त्यांची बोट नकाशावरच्या सरळ रेषेच्या वरच्या बाजूला सरकलीये, म्हणजे अँटिगाच्या दिशेने न जाता उत्तरेकडे. वाहवत चालल्यात का? आणि दुसरं म्हणजे भाचीचं बोलणं. मधल्या काळात फोन आला की मासे उडून अंगावर पडतात, आकाशगंगा कशी दिसते, किती सांगायची. आता दोन मिनिटांत ठेवते. ताईने परवा नेहमीसारखं विचारलं, किती राहिलं गं, कधी पोचाल, तर एकदम तुटक म्हणाली की हे मला विचारू नका. ताई तेव्हापासून रडतेय.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. आमची आई, म्हणजे भाचीची आजी, रविवारी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलंय, उद्या-परवा ऑपरेशन आहे. वय ८१. भाचीचा आजीवर प्रचंड जीव, लहानपणी शाळेतून आली की आजीकडेच असायची. तिला हे आत्ता सांगायचं का पोचल्यावर? घरात दोन तट पडलेत. इथे बोटीवर काम केलेलं किंवा असलं काही केलेलं कोणी असेल तर मनापासून सांगा.

---

सदाशिवपेठी (मंगळवार, रात्री ११:५८)

अजिबात सांगू नका. हातातोंडाशी आलेला घास आहे, आठवड्याचा प्रश्न आहे. ती तिथून काय करणार आहे, उलट लक्ष विचलित होऊन काही बरंवाईट झालं तर जन्मभराची रुखरुख. आजींना लवकर बरं वाटो.

---

दर्यावर्दी_वारजे (बुधवार, सकाळी ६:१५)

मावशी, आधी ट्रॅकरचं सांगतो म्हणजे तुमच्या ताई निदान आज झोपतील. मी मर्चंट नेव्हीत होतो, अटलांटिक बरेचदा ओलांडलाय, अर्थात मोठ्या जहाजावरून.

बोट वाहवत नाहीये, मुद्दाम वर ठेवलीये. त्या भागात वर्षाचे हे महिने वारा ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून वाहतो, व्यापारी वारे म्हणतात ते हेच, आणि समुद्राचा प्रवाहही पश्चिमेकडेच जातो. म्हणून तर ही सफर कॅनरीहून कॅरिबियनकडे करतात, वारा आणि पाणी दोन्ही पाठीशी असतं. पण याचा दुसरा अर्थ असा की जे पाठीशी आहे त्याच्या विरुद्ध जाता येत नाही. जहाजाला इंजिन असतं, चुकलं तर वळून येतो आम्ही. वल्ह्यांच्या बोटीला ते शक्य नाही, दोन माणसांच्या हातांत तेवढी ताकदच नसते. आता अँटिगा हे बेट इकडून तिकडे जेमतेम २० किलोमीटर, आणि त्यांना जिथे शिरायचंय ते इंग्लिश हार्बर आहे बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर. समजा त्या दक्षिणेला घसरल्या तर ईशान्येच्या वाऱ्याला तोंड देऊन परत वर चढणं जवळजवळ अशक्य, मग पुढचं बेट ग्वादलूप. म्हणून थोडं उत्तरेला राहून यायचं आणि शेवटच्या टप्प्यात वाऱ्याबरोबर खाली उतरायचं. फार उत्तरेलाही चालत नाही कारण मग बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वारा ढकलतो, तिकडे खडक आहेत. म्हणजे कोणीतरी हिशोबाने बोट चालवतंय, याची उलट खात्री पटायला हवी.

ट्रॅकरवर जो ठिपका दिसतो तो सारखा पुढे सरकत नाही, ठराविक वेळाने माहिती येते आणि मधला वेळ ठिपका तिथेच दिसतो. तो थांबला म्हणजे बोट थांबली असं नाही. आणि "एवढे मैल बाकी" हा आकडा सरळ रेषेतला असतो, समुद्रात सरळ रेषेने कोणीच जात नाही. ताईंना सांगा दिवसातून दोनदा बघा, सकाळी एकदा आणि झोपायच्या आधी एकदा, बाकी वेळ तो मोबाईल तुमच्याकडे ठेवा.

आजींबद्दल माझं मत सदाशिवपेठींच्या अगदी उलट आहे, पण ते संध्याकाळी निवांत लिहितो.

---

वल्हेकरीण (बुधवार, दुपारी १:३०)

मावशी, मी या रस्त्याने गेलेय. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघीजणी होतो एका बोटीत, ला गोमेरा ते अँटिगा, हाच मार्ग. वल्हवायला शिकले ती आपल्या सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, बोट क्लबवर, मुळा नदीच्या पाण्यात, आणि पुढे इंग्लंडला गेल्यावर हे वेड लागलं. तुमची पोस्ट वाचून ऑफिसात काम सुचेना म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

आधी फोनचं. तिला दोन तास "सुट्टी" मिळते असं आपल्याला वाटतं. त्या दोन तासांत काय काय असतं बघा. वल्ही सोडली की आधी अंगावरचं मीठ पुसायचं, गोड्या पाण्याचा भिजवलेला कपडा किंवा वाइप्स घेऊन, कारण मीठ तसंच राहिलं तर चामडी सोलवटते. मग बसायच्या जागेवरच्या फोडांना मलम, लहान बाळांना डायपर रॅशसाठी लावतात तेच. मग पाणी उकळायचं, सुक्या जेवणाच्या पाकिटात ओतायचं, ते फुगेपर्यंत थांबायचं, खायचं. वॉटरमेकर, म्हणजे खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, चालू असेल तर बाटल्या भरून ठेवायच्या. बादलीचं काम उरकायचं, हो, संडास म्हणजे बादली. मग केबिनमध्ये सरपटत शिरायचं आणि हॅच, म्हणजे केबिनचं दार, आतून घट्ट लावायचं. हे झाल्यावर झोप उरते सव्वा तास, फार तर दीड तास. तुमचा पंधरा मिनिटांचा फोन त्या सव्वा तासातून जातो. ती तुटक बोलतेय कारण तिला झोप हवीये, तुमच्यावरची माया आटली वगैरे काही नाही.

आणि ते हॅच बंद ठेवणं हा काय प्रकार असतो ते सांगते. या बोटी उलटल्या तर आपोआप सुलट्या होतात, कारण पुढच्यामागच्या केबिनमध्ये हवा कोंडलेली असते. पण हॅच उघडं राहिलं तर केबिनमध्ये पाणी भरतं आणि मग बोट सुलटी होत नाही. म्हणून कितीही उकडलं तरी बंद. शेवटच्या आठवड्यांत दुपारी आत इतकं कोंदट होतं की झोपेतून घामाने डोळे चुरचुरून जाग यायची. गादी कधीच वाळत नाही. कपडे वाळले तरी मिठाने ताठ. तिथला वास मी इथे वर्णन करत नाही.

शेवटी शेवटी शरीराचं काय होतं तर हात. सकाळी उठलं की बोटं वल्हं धरल्यासारखी वळलेलीच असतात, उघडत नाहीत, दुसऱ्या हाताने एकेक बोट सरळ करावं लागतं, आणि दुसऱ्या हाताचीही तीच गत. मी तर गरम पाण्याचा मग दोन्ही तळव्यांमध्ये धरून बसायचे मगच पकड सुटायची. तुमच्या भाचीला आत्ता टाईप करायला त्रास होत असेल, मेसेज त्रोटक येत असतील तर हे एक कारण.

खाणं. दिवसाला ५,००० कॅलरीच्या आसपास पॅक करून नेतात तरी वजन उतरतंच, आठ-दहा किलो उतरणं काही नवल नाही. पण तोवर सगळ्यात आवडीचं संपलेलं असतं आणि उरलेलं असतं ते नावडतं. आमच्याकडे शेवटी एकाच चवीची पास्त्याची पाकिटं उरली होती, वास आला तरी घशाखाली उतरत नव्हती, पण खावं लागतंच कारण नाही खाल्लं तर पुढच्या शिफ्टला हातपाय चालत नाहीत. मी घरून शेंगदाण्याची चिक्की नेली होती आणि ती शेवटपर्यंत टिकवून ठेवली होती, रोज रात्रीच्या शिफ्टआधी एकच तुकडा.

हे सगळं सांगतेय कारण "किती राहिलं" हा प्रश्न तिला का टोचला ते कळावं. आम्ही बोटीवर ठरवलंच होतं की राहिलेले मैल मोठ्याने म्हणायचे नाहीत. पहिल्या निम्म्या वाटेत तो आकडा लांबचा असतो, त्याचं काही वाटत नाही. जवळ आलं की मन आधीच किनाऱ्यावर जाऊन बसतं आणि शरीर बोटीवर राहतं, आणि मग प्रत्येक शिफ्ट दुप्पट लांब वाटते. त्यात हवा फिरली, समोरून वारा आला, तर सी अँकर टाकून बसावं लागतं, म्हणजे पाण्यात एक मोठी छत्री सोडतात जी बोटीला मागे वाहू देत नाही. तो दिवस राहिलेल्या मैलांतून वजा होत नाही. घरी "शुक्रवारी पोचू" सांगितलेलं असतं आणि मग शुक्रवार जातो. म्हणून ती सांगत नाही. आपल्याला तारीख दिली आणि ती चुकली तर घरच्यांचं मन मोडेल हे ओझं तिला नकोय.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. वल्हवणारा माणूस मागे तोंड करून बसतो. म्हणजे एवढा समुद्र ओलांडताना समोर दिसतं ते आपण सोडून आलो ते पाणी, आणि जिथे जायचंय ते कायम पाठीमागे. जमीन पहिल्यांदा दिसते ती मान वळवून. रात्री असेल तर क्षितिजावर फिकट उजेड दिसतो आणि तो गावाचा आहे का ढगाआडच्या चंद्राचा, हे बराच वेळ ठरत नाही. आमच्यातली एक तर ते दिवे आहेत हे मान्यच करेना, म्हणाली आधी जीपीएस बघा.

शेवटच्या भागात सरगॅसमही फार लागतं, तपकिरी समुद्री शेवाळ, पट्टेच्या पट्टे तरंगत असतात. आपल्या मुळेत जलपर्णी साचली की वल्हं कसं अडकतं तसंच, प्रत्येक फटक्याला किलोभर लगदा वर येतो आणि सुकाणूला गुंडाळतो. थांबून हाताने काढावं लागतं. बुडाला बार्नेकल, म्हणजे कवचाचे छोटे समुद्री जीव, चिकटतात ते वेगळंच, त्याने बोट जड होते, मग हवा शांत असेल त्या दिवशी दोरीला बांधून एकीने पाण्यात उतरायचं आणि खरवडायचं, खाली चार-पाच किलोमीटर खोल पाणी. ट्रॅकरवर वेग एकदम कमी दिसला तर घाबरू नका, असलं काहीतरी चाललेलं असतं.

झोप अपुरी असल्याने भासही होतात. मला रात्रीच्या शिफ्टला बोटीखालून पाणी जायच्या आवाजात माणसं बोलतायत असं वाटायचं, मराठीत, शब्द कळायचे नाहीत पण सूर अगदी वाड्यातल्या बायकांचा. ती असं काही बोलली तर डॉक्टरकडे धावू नका, झोपल्यावर जातं.

आता आजींचं. मला सांगा, निघताना काही ठरवलं होतं का तिने? आम्हाला आमच्या ट्रेनिंगमध्येच विचारलं होतं की घरी वाईट काही झालं तर कळवायचं का, कधी, आणि कोणी. प्रत्येकीने आपापलं लिहून एका माणसाकडे ठेवलं होतं. ती इतकी तयारीची मुलगी आहे तर नक्की कोणाकडे तरी असं असणार. मत आमचं नको, तिचं शोधा. आणि सांगायचं ठरलंच तर एवढंच लक्षात ठेवा की बोटीत दोघी आहेत. बातमी एकीला कळते पण वाहावी दोघींना लागते, मैत्रीण तिला जास्त झोपू देणार आणि स्वतः जास्त वल्हवणार. म्हणून मैत्रिणीच्या घरच्यांनाही कल्पना द्या.

---

कर्वेनगरची_मावशी (बुधवार, दुपारी ३:०५)

वल्हेकरीण ताई, तुमचं लिहिणं मी ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. हाताचं ऐकल्यावर ती उठून गेली, पण परत येऊन म्हणाली पुन्हा वाच. मेसेज त्रोटक येतायत हे खरंच आहे, आम्ही त्याचा काय काय अर्थ लावत बसलो होतो. वारज्याच्या काकांचे पण फार आभार, उत्तरेचं कोडं सुटलं.

ठरवलेलं काही आहे का ते जावयांना विचारते, ते तिकडे आहेत, त्यांचा दिवस आत्ता सुरू झालाय.

---

पानशेत_सायकलवाला (बुधवार, संध्या. ५:२०)

मावशी, धीर यावा म्हणून दोन गोष्टी. रॉझ सॅव्हेज या ब्रिटिश बाई २००५-०६ मध्ये याच मार्गाने एकट्या गेल्या होत्या, त्यांची चारही वल्ही मोडली, ती बांधून जोडून वापरली, आणि शेवटचे काही आठवडे सॅटेलाइट फोनही बंद पडला होता, घरच्यांशी बोलणंच नाही. १०३ दिवसांनी अँटिगाला सुखरूप पोचल्या. आणि २०२५ च्या जानेवारीच्या शेवटी अनन्या प्रसाद, मूळची बंगळुरूची मुलगी, एकटीने हाच समुद्र ५२ दिवसांत पार करून आली. तुमच्याकडे तर दोघी आहेत.

हे काही नवीन फॅडही नाही, १८९६ मध्ये हार्बो आणि सॅम्युएलसन नावाचे दोन नॉर्वेजियन न्यूयॉर्कहून साध्या उघड्या होडीतून निघाले आणि ५५ दिवसांत इंग्लंडच्या टोकाजवळच्या सिली बेटांवर पोचले, केबिन नाही, वॉटरमेकर नाही, जीपीएस तर सोडाच. मध्येच होडी उलटून खाणंपिणं गेलं, वाटेत भेटलेल्या जहाजाने दिलं म्हणून निभावलं.

पुण्यातून वल्हवणारे तसे बरेच घडलेत, दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आर्मीचं रोइंगचं केंद्र आहे, दत्तू भोकनळ तिथेच तयार होऊन २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला, आणि तो तर आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दुष्काळी गावचा. पण समुद्र पार करणारी मुलगी पुण्याची असली की छाती जास्तच फुगते. पोचली की इथे नक्की लिहा.

---

दर्यावर्दी_वारजे (बुधवार, रात्री ९:४५)

सकाळी म्हणालो होतो ते लिहितो. मी जहाजावर होतो तेव्हा माझे वडील गेले. तेव्हा आजच्यासारखे फोन नव्हते पण रेडिओवरून निरोप देता आला असता. घरच्यांनी ठरवलं की पोर समुद्रात एकटं आहे, बंदराला लागल्यावर सांगू. बंदराला लागलो, खुशीत घरी फोन केला, आधी वडिलांनाच द्या म्हणालो. तेराव्याचंही जेवण उरकलं होतं तोवर. माझ्या भल्यासाठीच केलं हे मला कळतं, सगळ्यांनी प्रेमापोटी केलं, पण ते सगळे दिवस मी जहाजावर पत्ते खेळत होतो, हसत होतो, आणि घरी सगळ्यांना माहीत होतं, हे आजही पचत नाही. माझ्या दुःखातले ते दिवस माझे होते आणि ते मला मिळाले नाहीत.

सदाशिवपेठी म्हणतात लक्ष विचलित होईल. होईल. पण जी मुलगी मध्यरात्री डोंगराएवढ्या लाटांत कमरेला दोरी बांधून वल्हवते, तिला आपण घरात बसून ठरवणार की तिला काय झेपेल? आजी देवाच्या दयेने ठणठणीत होतील, खुब्याची ऑपरेशनं आता फार चांगली होतात. पण सांगायचं ते आत्ताच सांगा, पोचल्यावर सगळे हसत स्वागताला आणि आजी कुठंय विचारल्यावर एकमेकांकडे बघणारे चेहरे, असं तिच्या वाट्याला येऊ देऊ नका.

---

सदाशिवपेठी (बुधवार, रात्री १०:१०)

काका, तुमचं वाचलं आणि माझं म्हणणं मागे घेत नाही तरी एवढं मान्य करतो की गेलेलं माणूस आणि पडलेलं माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी गेलं असतं तर मीही सांगाच म्हणालो असतो. इथे निदान ऑपरेशन होऊ द्या. अर्धवट बातमी सगळ्यात वाईट, तिला तिकडून पुढचं कळायला मार्ग नाही, दोन दोन तास एकटी वल्हवत मनात काय काय रचत बसेल.

---

वल्हेकरीण (बुधवार, रात्री १०:३०)

सदाशिवपेठींचा अर्धवट बातमीचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. वल्हवताना दुसरं करायला काहीच नसतं, एक विचार सुरू झाला की तोच दोन तास. आणि हो, सांगाल तेव्हा तिच्या रात्रीच्या शिफ्टआधी नको. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे, म्हणजे आपली दुपारचे साडेतीन ही तिची सकाळचे सहा. उजाडल्यावर सांगा. उजेडात सगळं सोसतं.

---

कर्वेनगरची_मावशी (शुक्रवार, रात्री ८:१५)

सगळ्यांना सांगायला आले. जावयांकडे खरंच निघालं. निघायच्या आदल्या रात्री तिने त्यांना मेल लिहून ठेवली होती. त्यात होतं की कोणी गेलं तर लगेच सांग, मला काही करता येणार नसलं तरी सांग. कोणी आजारी असेल तर डॉक्टर काय म्हणतात ते नक्की कळल्यावर सांग, त्याआधी नको. आणि आईला फोनवर सांगायला लावू नका, तू सांग. एवढं सगळं तिने आधीच विचार करून ठेवलं होतं आणि आम्ही इथे दोन दिवस भांडत होतो.

काल ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. आज सकाळी आईला वॉकर धरून उभं केलं, दोन पावलं टाकली, फिजिओवाल्या मुलाला म्हणाली हळू रे बाबा. मग आपल्या दुपारी जावयांनी बोटीवर फोन लावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती म्हणे. मग विचारलं डावा का उजवा. मग म्हणाली की आजीला सांग मला पण नीट उभं राहता येत नाहीये, आपण दोघी बरोबरच चालायला शिकू. आणि मैत्रिणीची शिफ्ट संपायला अजून वेळ आहे, मी झोपते.

ताई आज जेवली. ट्रॅकरचा मोबाईल माझ्याकडे आहे. काल दिवसभर ढग होते म्हणून त्यांचे सोलर पॅनल चार्ज झाले नव्हते, ऑटोपायलट बंद ठेवून बॅटरी वॉटरमेकरसाठी राखली आणि सुकाणू हाताने सांभाळलं असं जावई सांगत होते, आज ऊन आहे.

आता पुढचा प्रश्न. ताई आणि भावजी अँटिगाला जायला निघतायत, तिकिटं झाली. ताईने डिंकाचे लाडू, चकली, गूळपोळ्या असं बरंच केलंय आणि तिकडे अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघर आहे तर पहिल्याच दिवशी पुरणपोळी करायची म्हणतेय. चालेल ना? आणि उतरल्यावर काय काय सांभाळावं?

---

फिजिओ_औंध (शुक्रवार, रात्री ९:५०)

मावशी, आजींना दुसऱ्या दिवशी उभं केलं हे उत्तम, खुब्याच्या ऑपरेशननंतर लवकर हालचाल हेच खरं औषध, त्यांनी कंटाळा केला तरी सोडू नका.

भाचीबद्दल. बोटीत ती चाललेलीच नाहीये, सरकत्या सीटवर मांड्या काम करतात पण पोटऱ्या आणि घोटे नाही. त्यामुळे धक्क्यावर पाय ठेवला की पोटऱ्यांत जोर नसेल, शिवाय कानातलं तोल सांभाळणारं यंत्र लाटांना सरावलेलं असतं म्हणून स्थिर जमीनच हलल्यासारखी वाटते. दोन्ही बाजूंनी एकेकाने धरायचं, ती नको म्हणाली तरी. एकदम उभी राहिली तर चक्कर येऊ शकते, आधी बसवा मग उठवा. बाथरूममध्ये पहिले काही दिवस दाराला आतून कडी नको, घरात एक पडणं पुरे झालं. जिने सावकाश.

पुरणपोळी पहिल्या दिवशी नको. एवढे आठवडे शरीराला लागतं त्यापेक्षा कमी मिळालंय आणि सगळं पाकिटातलं, त्यावर एकदम तूप-गोड भरलेलं ताट पोटाला सोसत नाही, आणि वजन फार उतरलं असेल तर एकदम भरपूर खाण्याने रक्तातल्या क्षारांचाही घोळ होऊ शकतो. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. मऊ भात, वरण, ताक, केळं, उकडलेलं अंडं. खूप अशक्त दिसली किंवा पाय सुजले तर तिथल्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. जखमा स्वच्छ ठेवा, पू असेल तर मात्र घरगुती उपाय नको.

---

वल्हेकरीण (शुक्रवार, रात्री १०:२०)

फिजिओंचं सगळं बरोबर. माझी फक्त एक भर, ताईंना सांगा की ताजं काहीतरी कुरकुरीत घेऊन उभ्या राहा. काकडी, सफरचंद, काहीही. गोड, खारट, मऊ सगळं बोटीवर असतं, पण दाताखाली करकर वाजणारं ताजं काही नसतं, आम्हाला त्याची जी तहान लागली होती ती पिझ्झाची नव्हती लागली. काकडी गार पाहिजे, सोलून, मीठ न लावता. आणि धक्क्यावर बोटी भोंगे वाजवतात, या दोघी हातात लाल फ्लेअर, म्हणजे पेटत्या मशाली, धरून उभ्या राहतात, सगळे ओरडत असतात, त्या गडबडीत ताईंना पुढे जाऊ द्या, भावजींना सांगा फोटो दुसऱ्या कोणाला काढायला लावा. इंग्लिश हार्बरमधल्या नेल्सन्स डॉकयार्डला उतरायच्या जागी दगडी कड आहे, ओली असते, ताईंना चप्पल नको, बूट घालून जा म्हणावं.